मरण आधी, पाप नंतर : ‘देवाची शिक्षा’ सांगणारी जुनी इंग्रजी बॅलड्स कशी वाचावीत

श्रावणात आजी आदित्य राणूबाईची कहाणी वाचायची. राजाच्या राणीनं ‘कहाणी ऐकायला मला वेळ नाही’ म्हटलं आणि तिच्या घरी दारिद्र्य आलं. प्रधानाच्या राणीनं मनोभावे ऐकली, तिचं भलं झालं. ‘‘एवढ्याशा गोष्टीवरून?’’ मी विचारायचो. ‘‘एवढ्याशाच गोष्टीवरून,’’ आजी म्हणायची आणि पान उलटायची.

पुढे सोळाव्या-सतराव्या शतकातली इंग्रजी बॅलड्स वाचायला लागलो तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. कोणी देवाला नाकारलं, कोणी खोटी शपथ घेतली, कोणी धर्म सोडला. आणि मग जमिनीनं गिळलं, सैतानानं फाडलं, नाहीतर मरणच येईना. ही गाणी एका कागदाच्या एका बाजूला छापत. विकणारा बाजारात, जत्रेत, रस्त्याच्या कोपऱ्यावर ती गाऊन विकायचा. किंमत पेनीभर. मजूर दिवसाला आठ पेन्सच्या आसपास कमवायचा त्या काळात ही चैन होती, पण परवडणारी चैन.

बॅलडला आपण सवयीनं ‘पोवाडा’ म्हणतो, पण पोवाड्यात वीर लागतो आणि इथे बहुतेक वेळा पापी असतो, म्हणून मी ‘बॅलड’च म्हणतो. वाचायची माझी रीत खाली देतो आहे. तिच्यामागची धारणा एकच आहे: या गाण्यांत मरण पुष्कळदा खरं असतं आणि पाप त्याला मागाहून जोडलेलं असतं. तो सांधा कुठे आहे ते शोधायचं.

पायरी १ : पान डोळ्यांनी बघा, नुसता मजकूर नको

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या विभागानं २००३ पासून ‘इंग्लिश ब्रॉडसाइड बॅलड आर्काइव्ह’ उभं केलं आहे. फुकट आहे. प्रत्येक बॅलडचं छायाचित्र, वाचता येईल असा टंकित मजकूर, आणि पुष्कळांचं गायनही तिथे मिळतं. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचा संग्रहही जालावर आहे. त्यात चित्रावरून चित्र शोधायची सोय आहे आणि ती फार कामाची ठरते, कारण छापखानेवाले लाकडी ठसे पुन्हा पुन्हा वापरत. एका गाण्यातला पापी दुसऱ्या गाण्यात नवरदेव म्हणून उभा असतो. चित्राला पुरावा मानायची सवय पहिल्याच दिवशी मोडायला हवी.

शोधताना स्पेलिंगनं गांजाल. ‘जजमेंट’मध्ये मधला ई कधी असतो, कधी नसतो, सुरुवातीला जे च्या जागी आय सापडतो. तिन्ही-चारी रूपं टाकून बघा. अक्षर जाड, काळं, गॉथिक वळणाचं असतं. त्यात लांब एस हा एफसारखा दिसतो, यू आणि व्ही जागा बदलतात. मोडी शिकलेल्या माणसाला हे दोन दिवसांचं काम आहे. इतरांनी छायाचित्र आणि टंकित मजकूर शेजारी-शेजारी उघडून पहिली चार कडवी मोठ्यानं वाचावीत. डोळा आपोआप सरावतो.

सुरुवात सॅम्युअल पीप्सच्या संग्रहापासून करा. सतराव्या शतकातली प्रसिद्ध इंग्रजी रोजनिशी लिहिणारा पीप्स तो हाच. त्यानं अठराशेच्या वर बॅलड्स जमवून पाच खंडांत बांधली. ती केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. त्यानं विषयवार गट पाडले, त्यातल्या एकाचं नाव साधारण असं: ‘शोकांतिका, म्हणजे खून, फाशी, देवाचे निवाडे’. तिन्ही एकाच गाठोड्यात. आपल्याला यातली पहिली दोन पोलीस ठाण्यातली वाटतात आणि तिसरी देवळातली. त्या वाचकाला ती एकाच जातीची बातमी वाटत होती.

पायरी २ : तारखेचा हिशेब आधी मिटवा

इंग्लंडात तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस जुन्या वर्षातच मोजले जात. सैतानाशी करार करणाऱ्या डॉक्टर फाउस्टवरच्या बॅलडची नोंद प्रकाशकांच्या संघाच्या वहीत २८ फेब्रुवारी १५८८ अशी आहे. आजच्या हिशेबानं ती १५८९ होते. एका वर्षाचा घोळ किरकोळ वाटतो, पण ‘मार्लोचं फाउस्टवरचं नाटक आधी की गाणं आधी’ अशा वादात तेवढ्यावर सगळं उलटंपालटं होतं.

दुसरं म्हणजे नोंद एक आणि हातातली प्रत दुसरी. फाउस्टच्या गाण्याच्या ज्या प्रती उरल्या आहेत त्या सतराव्या शतकातल्या, पुनर्मुद्रणाच्या. १५८९ साली नेमकं काय गायलं गेलं ते या प्रतींवरून ताडायचं असतं. काही गाण्यांची तर नुसती नोंदच हाती लागते.

पायरी ३ : चाल काय सांगते?

जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असायचं. बॅलडवरही तसंच असतं. सूर छापलेले नाहीत, फक्त चालीचं नाव. ऐकणाऱ्याला ती ठाऊक आहे हे गृहीत.

देवाच्या शिक्षेच्या गाण्यांत एक चाल वारंवार येते. तिचं नाव ‘फॉर्च्यून माय फो’, म्हणजे ‘नशिबा, वैऱ्या’. संथ, रडवी चाल. फाशी जाणाऱ्यांची गाणी तिच्यावर इतकी रचली गेली की तिला ‘फाशीची चाल’च म्हणू लागले. फाउस्टचं बॅलडही याच चालीवर आहे. बाजारात तिचा पहिला सूर निघाला की माणसाला कळायचं, कोणाचा तरी शेवट ऐकायला मिळणार. शब्द यायच्या आधीच निकाल लागलेला असतो. म्हणून गाणं वाचण्याआधी चाल ऐका. ध्वनिमुद्रण नसलं तर त्याच चालीचं दुसरं एखादं बॅलड ऐका आणि मग आपल्या कडव्यांवर बसवून गुणगुणा.

पायरी ४ : यात ‘नास्तिक’ कोण?

इथे जरा थांबावं लागेल. आपण नास्तिक म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर देव नाही असं विचारपूर्वक मानणारा माणूस येतो. तसा माणूस या गाण्यांत सहसा भेटत नाही. त्या काळी ‘एथिस्ट’ ही शिवी होती आणि ती फार ऐसपैस होती. देव नसल्यासारखा वागणारा, शपथा वाहणारा, खोटं बोलणारा, जादूटोणा करणारा, धर्म बदललेला, समोरच्या पंथाचा, सगळे तिच्यात मावायचे. म्हणून प्रत्येक गाण्यासाठी वहीत एक ओळ लिहा: या माणसानं नक्की काय नाकारलं?

तीन नमुने घ्या. १५ जून १५८७ च्या नोंदीत ‘मास्टर फ्रान्सिस’ नावाच्या इटालियन कायदेपंडिताचं बॅलड आहे, ज्यानं प्रभू येशूला नाकारलं. हा पदुआजवळच्या चित्तादेल्लाचा वकील फ्रांचेस्को स्पिएरा. तो प्रोटेस्टंट विचारांकडे वळला, चौकशी झाली तशी त्यानं माघार घेतली, आणि मग ‘माझी सुटका नाही’ या निराशेत १५४८ मध्ये मेला. त्याचं ‘नाकारणं’ म्हणजे कॅथलिक पंथात परत जाणं. कॅथलिकांच्या लेखी तो घरी परतला होता. प्रोटेस्टंट गाणं त्याला देवद्रोही ठरवतं.

दुसरा नमुना भटक्या ज्यूचा. या गोष्टीच्या बॅलडची एक नोंद १६१२ ची आहे. क्रूस वाहून थकलेला येशू एका दगडावर टेकायला जातो, जेरुसलेमचा एक चांभार त्याला हुसकावतो. येशू म्हणतो, मी विसावेन, तू मात्र चालत राहशील. झालं, तो चालतोच आहे. त्याची शिक्षा म्हणजे मरण न मिळणं. पुढची कडवी मात्र वेगळीच निघतात. हा पापी पस्तावतो. कोणी भीक घातली तर एका ग्रोटहून, म्हणजे चार पेन्सहून, जास्त घेत नाही आणि तीही गरिबाला देऊन टाकतो. कोणी देवाच्या नावानं शिव्या घातल्या तर सांगतो, तुम्ही त्याला पुन्हा क्रुसावर चढवताय. म्हणजे शिक्षा भोगणाराच प्रवचनकार झाला.

या गाण्याचा विखार मात्र नजरेआड करू नका. इंग्लंडनं ज्यूंना १२९० मध्ये हाकललं होतं आणि १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे राहायची मुभा नव्हती. म्हणजे हे गाणं ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ज्यू शेजारी पाहिलेलाच नव्हता. त्यांच्यासाठी ज्यू हे गाण्यातलं पात्र होतं. कोकणात घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, मराठी बोलणारे ‘शनवार तेली’ म्हणजे बेने इस्रायल ज्यांच्या वाडवडिलांच्या शेजारी राहिले, त्या वाचकाला हा फरक लगेच समजेल.

तिसरा नमुना फाउस्टचा. त्याला स्वतंत्र पायरी हवी.

पायरी ५ : बोलतोय कोण ते बघा

फाउस्टच्या गाण्याचं शीर्षकच ‘देवाचा निवाडा’ असं सांगत येतं. पहिल्याच ओळीत फाउस्ट स्वतः सगळ्या ख्रिस्ती लोकांना हाक मारून ‘माझं ऐका’ म्हणतो, आणि तो तेव्हा मेलेला आहे. कडवी चार-चार ओळींची, दोन-दोन ओळींना यमक. जन्म विटेनबर्गमधला, घराणं चांगलं. एका ‘अंकल’नं शिकवून धर्मशास्त्राचा डॉक्टर केलं आणि मरताना सगळी संपत्ती दिली. (तो चुलता की मामा, इंग्रजी सांगत नाही; मराठीत आणताना आपल्यालाच ठरवावं लागतं. मी ‘काका’ केलं आणि उगीचच अपराधी वाटलं.) मग त्यानं बायबलकडे पाठ फिरवली आणि मंत्रतंत्र धरलं. सैतान आला तो भिक्षूच्या, म्हणजे कॅथलिक फ्रायरच्या, वेषात. प्रोटेस्टंट बाजारात हा टोला अचूक बसायचा. करार चोवीस वर्षांचा, आणि आपल्या रक्तानं सही दोनदा.

शेवट असा: दिवाणखान्यात लोक येतात तेव्हा मेंदू भिंतीवर उडालेला, हातपाय फाटून विखुरलेले, आतडी नाहीशी. आणि हे सारं फाउस्टच वर्णन करतो. स्वतःचा मेंदू भिंतीवर आहे हे सांगणाऱ्या माणसाचं तोंड नक्की कुठे आहे, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नव्हतं, कारण ते तोंड समोर उभं होतं. गाणारा विक्रेताच तेवढ्यापुरता फाउस्ट व्हायचा. शेवटी तो जादूगारांना आणि चेटक्यांना बजावतो, आपला लहानातला लहान केससुद्धा विकू नका. आणि लगेच पेनी मागायला हात पुढे करत असणार!

या पायरीवर दोन रंगांची पेन्सिल वापरा. पापी ‘मी’ म्हणून बोलतो तिथे एक रंग, निवेदक ‘तो’ म्हणतो तिथे दुसरा. ‘मी’वाल्या गाण्यात पापीच आपली शिक्षा योग्य ठरवतो, म्हणून ‘हे खरंच देवानं केलं का?’ हा प्रश्न निघतच नाही. ‘तो’वाल्या गाण्यात मात्र तो प्रश्न दाराशी उभा असतो; मग गाणाऱ्याला साक्षीदारांची नावं, गाव, शहरापासूनचं अंतर असा फौजफाटा आणावा लागतो. शीर्षकात ‘खरीखुरी हकीकत’ जितक्या वेळा येईल तितकं आपण सावध व्हावं.

आजीची कहाणी इथे पुन्हा आठवते. तिच्यात वसा टाकला की वैभव जातं आणि वसा घेतला की परत येतं. ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ हे बजावलेलं असतं, पण परतीची वाटही उघडी असते. फाउस्टला ती नाही.

पायरी ६ : सांधा शोधा

आता जमिनीवरची एक घटना. डर्बीशरमधलं ॲशोव्हर हे गाव. तिथल्या चर्चच्या नोंदवहीत १६६० सालाखाली लिहिलंय की डोरोथी मॅटली हिनं खोटी शपथ घेतली, त्यावर जमीन दुभंगली आणि ती डोक्यावरून आत गेली, २३ मार्च. मेलेली सापडली आणि २५ मार्चला पुरली. जुन्या हिशेबात २३ मार्च म्हणजे सरत्या वर्षाचा शेवटून दुसरा दिवस आणि २५ मार्च नव्या वर्षाचा पहिला. बाई एका वर्षात गडप झाली आणि पुरली गेली दुसऱ्या वर्षात.

तिच्यावर बॅलड छापलं गेलं. पुढे जॉन बन्यन या धर्मोपदेशक लेखकानं १६८० मध्ये ‘मिस्टर बॅडमन’ या पुस्तकात तीच हकीकत तपशिलात दिली. शिशाच्या खाणीचा गाळ टेकडीवर धुणारी ही बाई. कामाला लागलेल्या एका पोरानं बाजूला काढून ठेवलेल्या विजारीतून दोन पेन्स गेले. त्यानं तिला विचारलं, तर म्हणाली, मी घेतले असतील तर जमीन मला गिळो. मग टब आणि चाळणीसकट गरगरत खाली गेली, मदतीला ओरडली, वरून मोठा दगड डोक्यावर पडला, माती ढासळली. उकरून काढली तेव्हा खिशात ती दोन नाणी. टब आणि चाळणी मात्र सापडली नाहीत.

अशा गोष्टीसाठी वहीत तीन रकाने पाडा.

पहिल्यात उघड्या डोळ्यांना दिसलं असेल तेवढंच लिहा: बाई, टेकडी, गाळ, खचलेली जमीन, दगड, प्रेत. दुसऱ्यात कोणीतरी ऐकलं असेल ते: शपथ, पोराशी झालेला वाद, मदतीची हाक. तिसऱ्यात कोणीही पाहू किंवा ऐकू शकत नाही ते: देवाचा राग, आणि ‘त्यावर’ हा शब्द.

सगळा खेळ त्या ‘त्यावर’मध्ये आहे. तो मुलूख शिशाच्या खाणींचा. पोखरलेली जमीन खचणं हा तिथला रोजचा धोका, आणि कचऱ्याच्या ढिगावर उभं राहून धुणाऱ्या गरीब बायका त्याच्या तोंडावर. जमिनीनं ती गिळली हे मी खरं मानतो. पण ‘जमीन मला गिळो’ ही शपथ खाण-मुलखातल्या माणसाच्या जिभेवर सहज येणारी असणार. किती जणींनी किती वेळा घेतली असेल आणि काहीच झालं नसेल! जिच्या बाबतीत झालं तिचं गाणं झालं. खिशातली दोन नाणी बघा: दोन पेन्स कोणाच्याही खिशात असू शकतात. ती ‘त्या पोराचीच’ हे ठरवणारा शब्द म्हणजे सांधा. न सापडलेली चाळणी मला मात्र खरी वाटते. गोष्ट घट्ट करण्यासाठी तिचा काही उपयोग नाही, तरी ती राहून गेली आहे.

पायरी ७ : पाटी उलटी करून बघा

४ जून १५६१ ला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या मनोऱ्याचं टोक वीज पडून जळालं. लगेच बिशप पिल्किंग्टननं प्रवचनात हा पापांबद्दलचा इशारा ठरवला. कॅथलिक बाजूनं उत्तर आलं: बरोबर आहे, जुनी उपासना टाकलीत ना, त्याचाच हा इशारा. वीज एकच, निवाडे दोन.

२६ ऑक्टोबर १६२३ च्या रविवारी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्समध्ये, फ्रेंच राजदूताच्या निवासाला लागून असलेल्या इमारतीत, वरच्या खोलीत दाटीवाटीनं जमलेले कॅथलिक लोक रॉबर्ट ड्र्युरी या जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघातल्या, पाद्र्याचं प्रवचन ऐकत होते. तुळई मोडली, त्या खोलीची फळ्यांची जमीन खाली आली, ड्र्युरीसह नव्वदच्या वर माणसं मेली. युरोपातल्या नव्या पंचांगाप्रमाणे ती तारीख ५ नोव्हेंबर पडत होती, म्हणजे १६०५ मध्ये कॅथलिकांनी रचलेल्या पार्लमेंट उडवायच्या कटाचा दिवस! प्रोटेस्टंटांना याहून मोठा पुरावा कशाला हवा? या घटनेवरही एकपानी शोकगीत निघालं. अशा वेळी एकच करायचं: मेलेल्यांचा पंथ बदलून तेच गाणं पुन्हा वाचायचं. हीच जमीन प्रोटेस्टंट सभेखाली कोसळली असती तर ती ‘देवाची शिक्षा’ झाली असती, की ‘देवानं भक्तांची घेतलेली परीक्षा’?

जेझुइट म्हटलं की आपल्याकडे फादर स्टीफन्स आठवतात. विल्टशरमधला हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचं मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. त्याच्या मायदेशातल्या बाजारी छपाईत तेव्हा जेझुइट म्हणजे कट करणारा खलनायक होता.

पायरी ८ : कागद कोणी पाहिला?

ही पायरी मी स्वतः तोंडघशी पडून शिकलो.

नाटककार ख्रिस्टोफर मार्लो ३० मे १५९३ ला डेप्टफर्डमध्ये मेला. १५९७ मध्ये थॉमस बियर्ड नावाच्या पाद्र्यानं (पुढे ऑलिव्हर क्रॉमवेल त्याचा विद्यार्थी) देवाच्या निवाड्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात मार्लो नास्तिक म्हणून येतो: स्वतःच्याच खंजिरानं स्वतःचं डोकं फुटलं, मरेपर्यंत देवाला शिव्या देत होता, आणि ज्या हातानं देवनिंदा लिहिली त्याच हातानं शिक्षा केली. बियर्डनं ही घटना लंडनच्या रस्त्यावर घातली. मृत्यूच्या चौकशीचा मूळ कागद लेस्ली हॉटसन या संशोधकानं १९२५ मध्ये उजेडात आणला. त्याप्रमाणे जागा डेप्टफर्डमधलं एक घर, भांडण जेवणाच्या बिलावरून, मारणारा इन्ग्रम फ्रायझर, शस्त्र बारा पेन्स किमतीचा खंजीर, जखम उजव्या डोळ्याच्या वर, दोन इंच खोल. महिन्याभरात फ्रायझरला माफीही मिळाली.

आता माझी फजिती. मार्लोवर ‘नास्तिकाची शोकांतिका’ या अर्थाच्या नावाचं एक बॅलड आहे. मार्लोच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून त्याला त्यात ‘वॉर्मल’ केलंय, तो नट होता आणि रंगमंचावर त्याचा पाय मोडला असंही सांगितलंय. एका अभ्यासवर्गात मी ते मोठ्या ऐटीत, चालीवर म्हणून दाखवलं. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘याची छापील प्रत कुठे आहे?’’ नव्हती. हस्तलिखित पुढे आणलं होतं जॉन पेन कॉलियरनं, एकोणिसाव्या शतकात. आणि कॉलियर हा विद्वान असून बनावट कागद तयार करण्यात पटाईत होता. हे बॅलडही त्याचंच कारस्थान मानलं जातं. मोडलेला पाय मात्र कॉलियरच्या काळातल्या मार्लोच्या चरित्रांत शिरून बसला होता.

मूळ माल इतका चांगला ओळखणाऱ्यानंच ही नक्कल केली होती. चाल, उपदेश, पापाला साजेशी शिक्षा, सगळं जागच्या जागी. खरं सांगायचं तर जरा जास्तच जागच्या जागी. त्यात डोरोथीच्या चाळणीसारखं राहून गेलेलं काही नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन वहीत चौथा रकाना आखला आणि त्या बाईंचा प्रश्नच डोक्यावर लिहिला. नवं बॅलड उघडलं की आता मी आधी तो रकाना भरतो.